त्या बाईचा सिनेमा

कागदावर ते नाव आलं आणि क्रांतीचा आवाज त्याच्यावरून उडी मारून खालच्या ओळीवर गेला. ठरवून काही केलं नव्हतं तिनं. रस्त्यात गटारीचं झाकण उघडं दिसलं की पाय आपोआप लांब पडतो, तसं झालं. वर कोरियाचा सिनेमा होता, खाली कानडी होता, मधला तिनं गिळून टाकला. समोर कॉटवर सयाजी भिंतीला पाठ लावून, काळा चष्मा कपाळावर चढवून ऐकत बसला होता. त्याला काही कळलं नाही. कळणार कसं? साखरेनं डावा डोळा पुरता खाल्ला होता आणि उजव्याला जे दिसायचं ते धुक्यातून. कागद नाकाला लावला तरी अक्षर लागत नव्हतं. त्यामुळं ती वाचेल तोच कागद. एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली. आपण आत्ता नवऱ्याला फसवलं, असं तिला वाटलं. आणि लगेच, त्यात नवीन काय, असंही वाटलं.

“थांबलीस का?” सयाजी म्हणाला.

“थांबले कुठं? घसा कोरडा पडला.”

आता भुतांचाही महोत्सव! आंबा महोत्सव झाला, तांदूळ महोत्सव झाला, भुतांनीच काय घोडं मारलं होतं? दसरा चौकातल्या सभागृहात चार दिवस देशोदेशीचे भयपट दाखवणार होते. पास कुतुबुद्दीननं आणून दिले होते. हा सयाजीचा कारखान्यातला जुना जोडीदार. त्याची मुलगी सदफ फिल्म सोसायटीत होती, आणि महोत्सवाच्या धावपळीत पोरीला जेवायलाही सवड नाही, असं तो तक्रारीच्या सुरात कौतुक करायचा. पासावर हवे तेवढे सिनेमे बघता आले असते. पण डोळ्याच्या डॉक्टरांनी परवा सुई दिल्यावर सांगितलं होतं, ताण द्यायचा नाही, बघायचाच तर एखादा बघा. आणि मग फाईल मिटता मिटता क्रांतीकडं बघून हळूच म्हणाले होते, उजवा डोळा उन्हाळाभर साथ देईल का ते आत्ता सांगता येणार नाही. डोळे अधू झालेल्या माणसाचे कानही अधू होतात, अशी त्यांची समजूत असावी. रिक्षात बसल्यावर सयाजी म्हणाला होता, “एकच बघू. पर डोळं उघडं ठिऊन बघणार.” रिक्षावाल्याला त्यात काही विशेष वाटलं नसेल. क्रांतीला वाटलं. कारण एवढे भुताचे सिनेमे बघून या माणसानं एकाही भुताकडं डोळे उघडून बघितलं नव्हतं, आणि ही गोष्ट जगात फक्त तिला माहीत होती.

“पोलंडचा काय म्हणतोय?” त्यानं विचारलं.

“दलदलीच्या कडेला गाव हाय. सगळ्या गावाला एकच स्वप्न पडतंय.”

“त्यात भ्यायचं काय? आमच्या गल्लीला रोज एकच स्वप्न पडतंय, नळाला पाणी आलं म्हणून.”

“खाली इंग्रजी अक्षरं येणार. ती मला वाचून सांगायला लागणार.”

“मग नगं. मला बघायचंय, ऐकायचं न्हाई.”

“कोरियाचा हाय. एक बाई लिफ्टमध्ये चढते, उतरत कधीच न्हाई.”

“जिन्यानं जा म्हणावं.”

“आन् कानडी हाय एक. सुपारीच्या बागेतलं भूत. तुमाला कानडी कळतंय. ह्योच घ्या.” हे ती जरा घाईनं म्हणाली. सयाजीची आजी निपाणीकडची, त्याचं अर्धं बालपण कानडी शिव्या खाण्यात गेलेलं. तो मान डोलवू लागला. सुपारीच्या बागेत काय भूत असणार, असलं तर कात-चुना मागंल, असलं काहीबाही बोलून स्वतःच हसला. क्रांतीनं कागदाची घडी घातली आणि घडीवरून नख फिरवलं. झालं, मिटलं. तिला एकदम एवढा थकवा आला की तिथंच फरशीवर आडवं व्हावंसं वाटलं. हल्ली हे असंच होई. पन्हाळ्याच्या तहसील कचेरीत दिवसभर दाखल्यांवर शिक्के मारून, घाट उतरून घरी आलं, की त्याचं जेवण, गोळ्या, दंडात सुई, डोळ्यांत थेंब. थेंब घातल्यावर तो गप पडून राहायचा आणि तीही शेजारी गप बसायची, तेवढाच काय तो तिचा विसावा. मुलगा राजवर्धन पुण्याहून फोन करायचा, “आई, तू स्वतःची काळजी घे.” घेते बाबा, ती म्हणायची. आणि फोन ठेवला की कपडे घड्या घालायला घ्यायची.

दारात चप्पल वाजली. “वैनी, च्या टाका म्हणत न्हाई, पर टाकला तर पितो,” म्हणत कुतुबुद्दीन आत आला आणि खुर्ची ओढून बसला. “काय सयाजीराव, कुठलं भूत पसंत पडलं?”

“सुपारीचं.”

“आँ? आन् काली सीढी? आरं आपल्या टायमाचा हाय की त्यो! सदफ म्हणत होती, कुठनं तरी जुनी रीळं गावली, धुऊन पुसून नवी प्रिंट केल्या. तुमी वाचला न्हाई व्हय वैनी?”

“राहिला वाटतं. बारीक अक्षर हाय,” क्रांती म्हणाली. अक्षर कसलं बारीक, बोटभर होतं. जिन्याचं चित्रसुद्धा होतं.

सयाजीनं कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. “ती बाई घर सोडून निघती, त्यो?”

“कुठली बाई?” कुतुबुद्दीन म्हणाला. “जिना हाय, त्येच्यावर ती पांढऱ्या साडीतली मेणबत्ती घिऊन चढती, त्यो. घर कोण सोडतंय? सगळा पिक्चरच घरात हाय.”

“निघती,” सयाजी ठामपणे म्हणाला. “गपगार निघती. पिशवी भरती, पायताण घालती, दारात येती. फुडं काय झालं ते मला कळलंच न्हाई.” तो जरा थांबला. त्याचा तो धुक्यातला डोळा क्रांती जिथं बसली होती त्याच्या जरा डावीकडं, कपाटावर लागला होता. “ठरलं. ह्योच बघायचा. त्या बाईचं फुडं काय झालं ते मला बघायचंय.”

क्रांती चहा टाकते म्हणून आत गेली. गॅस पेटवला, आधण ठेवलं, आणि ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर कुतुबुद्दीनचं चालूच होतं. त्याचा आवाज कारखान्यातला, यंत्रांच्या वर चढवायची सवय झालेला, भिंतीतून सुद्धा यायचा. “वैनी, तुमाला सांगतो, ह्यो गडी लई बाराचा! मंगळवारी च्याच्या सुट्टीत सोमवारच्या पिक्चरची स्टोरी ह्योच सांगणार. आसं सांगायचा की आमच्या अंगावर काटा. मग आमी तिकीट काढून जायचो, आन् ह्येनं सांगितलेलं पडद्यावर हुडकत बसायचो. कायबी नसायचं! एका पिक्चरात म्हणं भूत येऊन भांडी घासून जातंय. आता भूत कधी भांडी घासतंय व्हय? पर एक हाय. काली सीढीचं मातर ह्येनं कारखान्यात चकार शब्द काढला न्हाई. इच्यारलं तर म्हणाला, बघितलाच न्हाई.” यावर सयाजीला ठसका लागला. “च्या येईपातूर तरी गप बस की लेका,” तो म्हणाला. आत क्रांतीचा चहा उतू गेला. तिनं फडकं घेतलं, पुसलं, आणि परत आधण ठेवलं.

भांडी घासणारं भूत तिचंच होतं. सगळी तिचीच होती. उद्यमनगरच्या कारखान्यांची सुट्टी सोमवारी. सगळं गाव कामाला लागायचं तेव्हा कारखान्यातली माणसं अंघोळी करून, डोक्याला तेल चोपडून मोकळी व्हायची आणि थेटरांतून भरायची. त्यात भुताचा सिनेमा म्हणजे मर्दुमकी. जो बघून येईल त्यानं मंगळवारी सांगायचा, साचे गार व्हायला ठेवल्यावर, चहाच्या किटलीभोवती बसून. आणि सांगता आला नाही की समजा भ्याला. सयाजी ओतारी होता. वितळलेल्या लोखंडाची पळी धरून साच्यात ओतायचा, ठिणग्या दंडावर उडायच्या, पापणी हलायची नाही. तसला तो सहा फुटी गडी, पडद्यावर नुसतं दार करकरलं की डोळे गच्च मिटायचा आणि क्रांतीचं मनगट धरायचा. नवीन लग्न झालेलं. कचेरीतून सुटून घाटातल्या गाडीनं ती थेट थेटरावर यायची, मांडीवर डब्याची पिशवी, केसात धूळ. “काय झालं?” तो कानाशी विचारायचा. “अगं सांग की, काय झालं? गेलं का?” घड्याळाचा पट्टा मनगटात रुतायचा. सुरुवातीला ती खरं सांगायची. पडदा हलतोय. मांजर निघालं. आता आलं. पण खरं सांगितलं की त्याची पकड वाढायची. मग तिनं भूत जरा लांब उभं केलं. मग त्याला काम लावलं. भूत स्वयंपाकघरात आलंय, उष्टी भांडी बघून हळहळतंय, पदर खोचतंय. सयाजीचा हात सैल पडायचा. “मग?” तो म्हणायचा. आणि काय आश्चर्य, तिला सुचत जायचं. घरात, सासूसमोर, कचेरीत, बसमध्ये ती काही बोलत नसे. बोलण्यासारखं काही असतं हेच ती विसरत चालली होती. इथं मात्र अंधारात, डोळे मिटलेल्या माणसाच्या कानाशी तोंड नेलं, की शब्द एकामागोमाग एक येत. पडद्यावर काय चाललंय इकडं तिचं लक्षही नसायचं. तिचे वडील लाल बावट्याचे; सभा गाजवून घरी यायचे आणि जेवता जेवता पोरीला म्हणायचे, क्रांती, बोलायला शीक, आपलं म्हणणं उभं राहून मांडायला शीक. बिचाऱ्यांना कुठं ठाऊक, लेक म्हणणं मांडणार ते बसून, अंधारात, आणि भुताच्या नावावर.

आणि तो सोमवार. त्याच्याकडं ती सहसा जात नसे. जुन्या ट्रंकेत तळाशी काय आहे ते माहीत असलं की माणूस ट्रंक उघडत नाही. मारहाण नव्हती, दारू नव्हती, बाहेरचं काही नव्हतं, तिथंच तर सगळी पंचाईत. काय सांगायचं? सासू चिमणाबाई तोंडाची फटकळ, पण जीव लावणारी. नवरा मोठ्यानं बोलणारा, मोठ्यानं हसणारा, पगार आणून हातात देणारा. फक्त त्या घरात क्रांतीला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. भाजी कुठली करू हे तिनं विचारायचं, आणि काय झालं म्हणून कुणी तिला विचारायचं नाही. पहाटे पाणी भरताना एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण आठवडाभर “हो”, “आले” आणि “वाढू का” याखेरीज काही बोललेलो नाही. एवढंच. एवढ्यावर कोण घर सोडतं? तिनं सोडायचं ठरवलं. आजऱ्याला थोरली बहीण होती, तिच्याकडं जायचं, पुढचं पुढं. चिमणाबाई गारगोटीला भावाकडं गेलेल्या. डोकं दुखतंय म्हणून क्रांती कचेरीला गेली नाही. सयाजी सकाळी बाहेर पडल्यावर तिनं पिशवी भरली, दोन लुगडी, पोलकी, मॅट्रिकची आणि टायपिंगची सर्टिफिकेटं, आणि कॉटखाली सारून ठेवली. दुपारची गाडी होती. तेवढ्यात सयाजी आला. कॉटवर बसला, वाकून पायताण कॉटखाली ठेवलं, मग काय झालं कोण जाणे, तसाच उठून परत बाहेर गेला. ती आत भाकरी थापत होती. थोड्या वेळानं आला तो तिकिटं घेऊन. “चल. तीनचा खेळ हाय.” बाल्कनीची तिकिटं होती. एरवी हा माणूस कधी बाल्कनीत बसला नव्हता, तिथं शिट्ट्या मारायला मिळत नाहीत म्हणून. ओव्हरटाईम मिळाला असेल, तिला वाटलं. आणि ती गेली! घर सोडून निघालेली बाई नवऱ्याबरोबर सिनेमाला गेली. आता यावर हसावं की रडावं? पण तेव्हा ते साधं वाटलं होतं. गाडी काय, उद्याही होती.

मग अंधार झाला, जिना आला, मेणबत्ती आली, सयाजीनं डोळे मिटले आणि मनगट धरलं. “काय झालं?” आणि ती बोलू लागली. बाई उठलीय. बाईनं पिशवी भरलीय. घरात कुणी न्हाई. बाई पायताण घालतीय. बाईचं काय दुखत न्हाई, खुपत न्हाई, पण तिला तिथं ऱ्हायचं न्हाई. तिला कुणी दिसतच न्हाई, म्हणजे तीच कुणाला दिसत न्हाई. दारात आलीय. सयाजीची पकड त्या दिवशी सैल झाली नाही, उलट घट्ट होत गेली. “मग?” तो म्हणाला. आणि तिथं क्रांती थांबली. दाराबाहेर तिला काही दिसेना. “मग काय न्हाई,” ती म्हणाली. “भूत आलं.” संध्याकाळी घरी येऊन तिनं दूध तापवलं. दुसऱ्या दिवशी कचेरी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी चिमणाबाई आल्या. पिशवीतली लुगडी एकेक करून कपाटात गेली. नंतर दोन वर्षांनी राजवर्धन झाला. जाणं रद्द केलं असं तिनं कधी ठरवलं नव्हतं. राहून गेलं.

महोत्सवाचा शेवटचा दिवस सोमवार होता, आणि तो सिनेमा दुपारी. मधल्या दिवसांत क्रांतीनं काय काय करून बघितलं. जिने लई हायत म्हणाली. कॉलेजची पोरं दंगा करतात म्हणाली. सयाजी ऐकेना. त्यानं न्हाव्याला घरी बोलावून केस कापून घेतले, पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला. सरळ सांगून टाकावं, असंही तिच्या मनात आलं. अहो, त्यात तसलं काय न्हाई, मी बनवलं होतं. पण मग तो विचारणार, का बनवलंस? आणि ती काय सांगणार? ज्याच्या डोळ्यांत रोज थेंब घालायचे, ज्याला हाताला धरून मोरीपर्यंत न्यायचं, त्याला सांगायचं, की तुमचे डोळे धड होते तेव्हा मी तुम्हाला सोडून निघाले होते? आणि नाही सांगितलं तर तो त्या अंधुक डोळ्यानं, उरलंसुरलं बघणं पणाला लावून, पडदाभर एका बाईला हुडकत बसणार, जी तिथं नाहीच. दोन्हीकडून तिचीच फजिती. तिला भीती वाटत होती ती याचीही नव्हती, खरं सांगायचं तर. कचेरीतून येताना घाटाच्या वळणावर गाडी मंद झाली आणि तिला स्वच्छ कळलं, की ती बाई अजून तिथंच आहे. दारात. पायताण घालून. तीस वर्षं आपण सगळं केलं, बाळंतपण केलं, सासूचं हगणंमुतणं काढलं, पोराची लग्नगाठ मारली, ते सगळं एका हातानं. दुसऱ्या हातात पिशवी होतीच. म्हणून एवढं दमायला होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय हो, बरं न्हाई का?” क्रांती म्हणाली, “घाट लागतो जरा.”

सोमवारी तिनं रजा टाकली. रिक्षातून उतरून, पायऱ्या चढून, “आता पायरी, अजून एक” करत ती त्याला आत घेऊन गेली. सदफनं खुर्च्या राखून ठेवल्या होत्या, पुढून तिसरी रांग, काकांना जवळून दिसावं म्हणून. कुतुबुद्दीन मागं कुठंतरी पोरांत जाऊन बसला. सभागृह कॉलेजच्या पोरापोरींनी भरलेलं. क्रांतीच्या मांडीवर तिची मोठी पर्स, तिच्यात थेंबांची बाटली, पाणी, साखर उतरली तर गूळ, डॉक्टरांची फाईल. दिवे गेले. सयाजीनं चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला आणि तो सरळ होऊन बसला. डोळे उघडे. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता आणि ते तोंड तिला एकदम म्हातारं दिसलं. सिनेमा सुरू झाला. पोरं हसत होती. नायकाच्या कल्ल्यांना हसली, नायिकेच्या किंचाळण्याला हसली, वटवाघळाची दोरी दिसली तेव्हा तर टाळ्याच पडल्या. याला आपण भीत होतो होय, क्रांतीला वाटलं. आपण कुठं भीत होतो, आपण तर कधी बघितलाच नाही. दोघांत मिळून एकानंही न बघितलेला सिनेमा. तो रंग, ते झुंबर, तो लाल गालिचा, सगळं ती पहिल्यांदाच बघत होती. आणि मग जिना आला. संगीत थांबलं. पांढऱ्या साडीतली बाई मेणबत्ती घेऊन पहिल्या पायरीवर उभी राहिली. क्रांतीनं मांडीवरची पर्स जवळ ओढली. आता तो विचारणार, पिशवी कुठाय?

सयाजीनं डोळे मिटले. चाचपत तिचं मनगट धरलं.

“सांग,” तो म्हणाला.

“काय सांगू? तुमाला बघायचं होतं न्हवं?”

“ते काय, पांढरी साडी जिना चढतीया. दिसतंय की तेवढं. तवाबी दिसलंतं.” त्याचा आवाज दबका होता. दबक्या आवाजात बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं शब्द अडखळत येत होते. “तू तुझं सांग. हिरव्या वायरची पिशवी घिऊन ती दारात आली. फुडं?”

पिशवीचा रंग तिनं कधी सांगितला नव्हता. वायरची, हे सुद्धा नाही. पिशवी, एवढंच म्हणाली होती ती. वर मेणबत्ती हलत होती आणि क्रांतीला ती खोली दिसली, भाकरीचा वास, कॉटवर बसून पायताण ठेवायला वाकलेला सयाजी, आणि तसाच उठून बाहेर गेलेला. बाल्कनीची तिकिटं. म्हणजे ह्याला माहीत होतं. पहिल्यापासून, सिनेमाच्या आधीपासून माहीत होतं, आणि सुचलं काय, तर तिकिटं काढणं! तिला राग आला. असा राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता, कानशिलं तापली. गल्लीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला हाक मारणारा माणूस, आणि घरात दोन शब्द विचारता आले नाहीत? जाऊ नकोस, एवढं तरी? का जातीस, एवढं तरी? तीस वर्षं हा त्या कॉटवर झोपला, आणि ती त्याच्या शेजारी झोपली. हात ओढून घ्यावा, उठावं आणि खरंच चालू लागावं, असं तिच्या मनात आलं. पण मग तो जिने कसा उतरणार? आणि ह्या विचारानं राग तसाच अर्धवट राहिला आणि खाली नुसता शीण उरला.

“परत आली का न्हाई ती?” सयाजी म्हणाला. “मला कधी कळलंच न्हाई. भाकरी वाढायची, पोराला न्हाऊ घालायची, म्हणून मला वाटायचं आली. आन् कवा कवा वाटायचं, न्हाई आली.”

“गेलीच न्हाई ती,” क्रांती म्हणाली.

“मग?”

“दारातच हाय. पिशवी हातात हाय.”

“अजून?”

“अजून.”

पडद्यावर कुणीतरी किंचाळलं, मागं पोरं खिदळली. मनगटावरची त्याची बोटं सैल झाली, पण त्यानं हात काढला नाही.

“हात भरून आला आसंल तिचा,” तो म्हणाला. “ठेव म्हणावं की खाली.”

“मला काय सांगता? तुमी म्हणा की तिला.”

त्याचा घसा वाजला. ओठ हलले. आणि मग, दबकं बोलणं त्याला झेपेना म्हणून की काय, कारखान्यातल्या आवाजात, साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं तो म्हणाला, “दमलीस की गं! ठेव ती खाली!”

दोन-चार डोकी वळली. कुणीतरी “शूऽऽ” केलं. मागून कुतुबुद्दीनचा आवाज आला, “काय झालं रं?” क्रांतीचे डोळे भरून वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता, एक त्याच्याकडं होता, दुसऱ्यानं मांडीवरची पर्स घट्ट धरलेली. तिनं पर्स उचलली आणि खाली, पायाशी ठेवली. मांडीवर गार वारा लागल्यासारखं वाटलं.

“ठेवली?” सयाजीनं विचारलं.

“ठेवली.”

“मग मीट डोळं आता. मी सांगतो.”

तिनं डोळे मिटले. तो खुर्चीत पुढं सरकला, मान वाकडी करून उजवा डोळा पडद्याकडं लावला, आणि तोंड तिच्या कानाशी आणलं. “एक पांढरं कायतरी हाय,” तो म्हणाला. “वर चाललंय. का खाली यायलंय... थांब हं. हालतंय. मधी लाल दिसतंय, जाजम आसंल न्हाईतर आग आसंल...”

“मग?” क्रांती म्हणाली.